तीन हजार शब्द पाठ, तरी वाक्य अडते

या प्रकरणातल्या विद्यार्थिनी तिशी ओलांडलेल्या एक संशोधिका आहेत. शाळा मराठी माध्यमाची, पदवीपासून पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीत. व्याकरण पक्के, वाचनाची आवड, आणि कामाचा भाग म्हणून इंग्रजीत अहवाल व शोधनिबंध लिहिणे नेहमीचेच. काही वर्षांपूर्वी त्यांनी जीआरई, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, दिली होती. त्या तयारीत त्यांनी सुमारे ३,००० अवघड इंग्रजी शब्दांची यादी वर्णक्रमाने पाठ केली होती, आणि ती बरीचशी टिकूनही होती. 'पुसिलॅनिमस' म्हणजे भित्रा, 'पर्स्पिकेशस' म्हणजे तीक्ष्ण बुद्धीचा, 'लॅकॉनिक' म्हणजे मोजके बोलणारा. विचारताक्षणी उत्तर हजर.

तक्रार दुहेरी होती. गंभीर वैचारिक लेख वाचताना अजूनही ठेच लागते, एकच परिच्छेद दोन-तीनदा वाचावा लागतो. आणि लेखनाबद्दल शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांचा शेरा ठरलेला: भाषा अवघडलेली वाटते. यावरचा उपाय त्यांनी स्वतःच ठरवून ठेवला होता. आणखी मोठी, ५,००० शब्दांची यादी मिळवली होती, आणि ती लवकरात लवकर कशी संपवायची एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

मी ती यादी बाजूला ठेवायला सांगितली. प्रगत पातळीवर पोहोचलेल्या बहुतेकांमध्ये मला हेच दुखणे दिसते आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यावर हाच उपाय शोधतो. हुशार, कष्टाळू माणसे घोकंपट्टीत वर्षे घालवतात आणि शेवटी 'मला इंग्रजी येतच नाही' अशा निष्कर्षावर येतात, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

वाचन कुठे अडते

पहिले काम निदानाचे. एका वैचारिक निबंधाची दोन पाने दिली आणि जिथे वाचन अडखळेल तिथे रेघ मारायला सांगितली. रेघा पाहून त्या स्वतःच चकित झाल्या. त्यांच्या यादीतल्या छापाचे भारदस्त शब्द त्या पानांवर जेमतेम होते, आणि जे होते ते त्यांना येत होते. रेघा पडल्या होत्या साध्या दिसणाऱ्या शब्दांखाली.

'क्वालिफाय' हा शब्द त्यांना शाळेपासून माहीत. पण लेखक जेव्हा आपले विधान 'क्वालिफाय' करतो, तेव्हा तो त्या विधानाला पात्र ठरवत नसतो, त्याला मर्यादा घालत असतो. 'एंटरटेन अ डाउट' यात करमणुकीचा संबंध नाही, मनात शंका बाळगणे आहे. 'अरेस्ट द डिक्लाइन' म्हणजे घसरण रोखणे, 'वेदर द क्रायसिस' म्हणजे संकटातून तगून निघणे, 'कोर्ट डिझास्टर' म्हणजे अनर्थ ओढवून घेणे. 'सेव्ह' एखाद्या वाक्यात 'वगळता' या अर्थाने येतो आणि तो न कळला तर अख्खे वाक्य फिरते. असा शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून वाचक कोश उघडत नाही. चुकीचा अर्थ धरून पुढे जातो आणि दोन परिच्छेदांनंतर काहीच जुळेनासे होते. अनोळखी शब्द निदान आपल्याला थांबवतो. हे शब्द थांबवतही नाहीत. प्रगत शब्दसंपत्तीचा फार मोठा भाग म्हणजे परिचित शब्दांचे असे दुसरे-तिसरे अर्थ, आणि अवघड शब्दांच्या याद्यांत ते सहसा सापडत नाहीत, कारण हे शब्द मुळात अवघड दिसतच नाहीत.

दुसऱ्या रेघा शब्दसमूहांखाली होत्या. 'फॉर ऑल हिज लर्निंग' यातला प्रत्येक शब्द येतो, अर्थ मात्र 'एवढी विद्वत्ता असूनही' असा. 'टेक इश्यू विथ', 'लेट अलोन', 'बाय अँड लार्ज', 'फॉल शॉर्ट ऑफ' यांचेही तेच. 'इफ एनीथिंग' म्हणजे 'झालेच तर उलट' हे लक्षात न आल्यामुळे त्यांनी त्या निबंधातला मुख्य युक्तिवाद चक्क उलटा समजून घेतला होता.

तिसरा गट होता मधल्या थरातल्या शब्दांचा: 'लूम', 'हिंज', 'ग्रॅपल', 'ब्रंट', 'स्वे', 'लिंगर'. आखूड, ठसठशीत, वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत सारखे भेटणारे शब्द. त्यांचे अर्थ साधारण कळत होते, पण नेमके सांगता येत नव्हते. शब्दसंग्रहाच्या अभ्यासात न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले पॉल नेशन यांचे काम पायाभूत मानले जाते. २००६ मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा, की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत असे धरले तर छापील मजकूर वाचण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे एकत्र धरून केलेली मोजणी. ९८ टक्के म्हणजे जवळजवळ सगळेच असे वाटते, पण ३०० शब्दांच्या पानावर तरीही सहा शब्द अनोळखी उरतात. ९५ टक्के ओळख असेल तर तेच पंधरा होतात, म्हणजे दर वीस शब्दांमागे एकदा अडायचे. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांपासून क्रमाने मोजत गेले तर ३,००० ते ९,००० यांच्या मधल्या पट्ट्याकडे शिकवण्यात दुर्लक्ष होते, याकडे याच विषयाचे अभ्यासक नॉर्बर्ट श्मिट आणि डायेन श्मिट यांनी २०१४ मध्ये लक्ष वेधले होते. आमच्या संशोधिकेची नेमकी हीच जागा विरळ होती. पायाचे शब्द पक्के, टोकाचे दुर्मिळ शब्द पाठ, आणि मधे भगदाड.

यादीचा यात दोष एवढाच, की ती दुसऱ्याच गरजेसाठी बनलेली होती. जीआरईत पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांमधले साम्य असे सुट्या शब्दांवरचे प्रश्न असत. ऑगस्ट २०११ पासून ते प्रकार वगळले गेले आणि शब्द वाक्याच्या व परिच्छेदाच्या संदर्भात विचारले जाऊ लागले. त्या जुन्या प्रश्नांना 'शब्द आणि एक अर्थ' एवढे ज्ञान पुरत असे. याद्या मात्र त्यानंतरही तशाच फिरत राहिल्या.

लेखनातले दुखणे

त्यांचे जुने अहवाल वाचताना माझी खरी मदत केली ती त्यांच्या चुकांनी, कारण प्रत्येक चूक एका विशिष्ट ठिकाणी बोट दाखवत होती. एका वाक्याचा आशय असा होता, की आमच्या गटाने अनेक सुधारणा 'परपेट्रेट' केल्या. यादीत अर्थ होता 'पार पाडणे, करणे'. अर्थ तसा खोटा नाही. पण हा शब्द गुन्हा, फसवणूक, अत्याचार यांच्याच संगतीत राहतो, आणि सुधारणा त्याच्याजवळ आणून बसवल्या की वाचक दचकतो. तसेच 'रॅम्पंट प्रोग्रेस'. 'रॅम्पंट' भ्रष्टाचार असतो, महागाई असते, रोगराई असते. 'एक्झॅसर्बेट' म्हणजे तीव्र करणे खरे, पण तीव्र होते ते दुखणे किंवा संकट. प्रयत्न 'एक्झॅसर्बेट' होत नाहीत. एका शिफारसपत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्याला 'ऑब्स्टिनेट' म्हटले होते. त्यांना म्हणायचे होते 'जिद्दी', लिहिले गेले 'हट्टी'. मराठीत या दोन शब्दांतला फरक त्यांना कोणी सांगावा लागला नसता.

इथून मला धागा सापडला. मी त्यांना विचारले, मराठीत 'घोर अपमान' होतो, 'घोर निराशा' होते, मग 'घोर सन्मान' का होत नाही? थंडी कडाक्याची आणि भांडणही कडाक्याचे, पण पाऊस मुसळधारच का? त्यांना हसू आले, कारण हे नियम त्या कधी शिकल्याच नव्हत्या आणि तरी त्यांची कधी चूक होणार नव्हती. शब्दांची संगत त्यांना एका भाषेत पूर्णपणे अवगत होती. दुसऱ्या भाषेत ती कमवावी लागते, याची जाणीवच तोपर्यंत कोणी करून दिली नव्हती. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले होते, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. पुढे शब्दसंगतीचा सगळा अभ्यास या विचाराच्या आधाराने उभा राहिला.

दुसरी खोट होती पातळीची. साध्या कार्यालयीन पत्रात 'बिगिन'च्या जागी 'कमेन्स', 'इम्प्रूव्ह'च्या जागी 'अमीलिओरेट'. इंग्रजीत एकाच अर्थाचे अनेक थर आहेत, त्याला इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये बोलू लागले, शेत आणि घर जुन्याच इंग्रजीत राहिले, आणि विद्वानांनी पुढे लॅटिनमधून थेट उचल केली. म्हणून 'आस्क' घरगुती, 'क्वेश्चन' जरा औपचारिक, 'इंटेरोगेट' थेट चौकशीच्या खोलीतला. हेही मराठी माणसाला परके नाही. आपण डोळे तपासून घेतो, पाटीवर 'नेत्रतपासणी' असते, आणि स्तोत्रात 'लोचन' येतात. 'माझे लोचन दुखत आहेत' असे कोणी म्हणत नाही. आपल्या पत्रांत आपण नेमके हेच करत होतो, हे त्यांनी दोन जुनी पत्रे पुन्हा वाचून स्वतःच शोधले.

तिसरी गोष्ट लहान पण त्रासदायक. 'इन्जीनियस' आणि 'इन्जेन्युअस', 'अव्हर्स' आणि 'अॅडव्हर्स', 'अल्यूड' आणि 'इल्यूड' यांची सतत गल्लत. वर्णक्रमाने पाठांतर केल्यावर एकसारखे दिसणारे शब्द एकाच बैठकीत डोक्यात जातात आणि एकमेकांत मिसळतात. अर्थाने जवळचे शब्द गटाने शिकले तरी असेच होते. संशोधक टिंकहम यांनी १९९३ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की परस्परसंबंधित नवे शब्द एकत्र शिकायला असंबद्ध शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडतात. तरीही पुस्तकांमध्ये 'रागाचे वीस शब्द', 'आनंदाचे वीस शब्द' अशी प्रकरणे असतात. ती उजळणीला बरी, पहिल्या ओळखीला नाहीत.

नेशन यांच्या मांडणीत एक शब्द येणे म्हणजे नऊ गोष्टी येणे. उच्चार, लेखन, शब्दाचे घटक, अर्थ, त्यामागची संकल्पना, मनात जागे होणारे इतर शब्द, व्याकरणातली चौकट, सोबती, आणि कुठे वापरावा व कुठे नाही. यादीने त्यांना यातला अर्थ दिला होता आणि लेखन दिले होते. बाकी सगळे शिल्लक होते. म्हणजे नवे शब्द गोळा करण्याआधी असलेल्या तीन हजारांचे राहिलेले शिक्षण पुरे करणे जास्त गरजेचे होते.

काय केले

काही काळ नवे शब्द पाठ करणे पूर्ण बंद, ही पहिली अट. ती त्यांना सर्वांत जड गेली.

वाचन एकाच विषयाचे ठेवले. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी ज्याला अरुंद वाचन म्हटले आहे त्या धर्तीवर, पर्यावरणविषयक निबंध आणि त्याच विषयावरची दोन-तीन लेखकांची पुस्तके. आज हा, उद्या तो असे विषय बदलत राहिले की प्रत्येक वेळी नवे शब्द एकदाच भेटून निघून जातात. विषय एकच असेल तर तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांतून पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि ही पुनर्भेट फुकट मिळते. 'मिटिगेट', 'डिप्लीट', 'रेझिलिअन्स', 'एन्क्रोच' हे शब्द त्यांच्या हातात असेच आले, पाठ न करता.

वही बदलली. आधी 'शब्द, बरोबर, अर्थ' अशी होती. आता प्रत्येक नोंदीत जिथे शब्द भेटला ते अख्खे वाक्य, त्याचे दोन-तीन सोबती, तो चांगल्याला लागतो की वाइटाला याची खूण, आणि व्याकरणाची चौकट. ही शेवटची गोष्ट मराठी भाषकांना फार नडते. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहिले जाते. एखाद्या गोष्टीवर भर देतो, म्हणून 'एम्फसाइझ ऑन'. मराठी अर्थ लिहायला मी बंदी केली नाही. इंग्रजीतून इंग्रजीच शिकले पाहिजे हा आग्रह मला पटत नाही. पहिल्या ओळखीला मातृभाषेतला अर्थ सर्वांत जलद पोहोचतो. तिथेच थांबले की मग नुकसान होते.

कोशही बदलला. शिकणाऱ्यांसाठी बनवलेले कोश प्रगत विद्यार्थी कमीपणाचे मानतात, हे खरोखर दुर्दैवी आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेला आणि १९८७ मध्ये निघालेला कोबिल्ड कोश शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यात देतो. तिथे 'परपेट्रेट' शोधले तर गुन्हा किंवा घातक कृत्य हे व्याख्येतच येते. तो कोश हाताशी असता तर सुधारणांचे ते वाक्य लिहिलेच गेले नसते. शंका उरली तर भाषासंचयात, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या शोधता येणाऱ्या मोठ्या साठ्यात, शोधायचे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, अमेरिकन इंग्रजीच्या कोका या संचयात १०० कोटींहून अधिक. 'रॅम्पंट' टाकून पुढे येणारी नामे वरून खाली वाचली की त्या शब्दाचा स्वभाव डोळ्यांना दिसतो. पुढे हे त्यांचे आवडते काम झाले.

उजळणीची पद्धत जुनी आणि कसाला लागलेली. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरगटांचे प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डांच्या कप्प्यांची पद्धत लोकप्रिय केली: आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, तिथे ते अधिक दिवसांनी समोर येणार; चुकलेले पुन्हा पहिल्या कप्प्यात. आजची मोबाइलवरची साधने याच कल्पनेची सुधारित रूपे आहेत. आम्ही बदल केला तो कार्डावरच्या मजकुरात. समोर सुटा शब्द न ठेवता गाळलेल्या जागेचे वाक्य आणि पहिले अक्षर. शब्द पाहून अर्थ ओळखणे आणि अर्थ पाहून शब्द काढणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि लिहिताना दुसरे लागते. आठवून पाहण्याचे महत्त्व मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात स्पष्ट दिसते. पाच मिनिटांनी तपासले तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासले तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे. पुन्हा वाचल्यावर सगळे येत असल्याचा भास होतो. आमच्या संशोधिकेला इतकी वर्षे तोच भास होत आला होता.

धातू, उपसर्ग, प्रत्यय यांना मर्यादित जागा दिली. 'स्पेक' म्हणजे पाहणे हे कळले की 'रिट्रोस्पेक्ट', 'सर्कमस्पेक्ट' आणि त्यांचा जुना 'पर्स्पिकेशस' एका कुळात बसतात आणि लक्षात राहतात. पण घटक जोडून अर्थ ओळखायला गेले तर 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध व्हायला हवा, आणि तो आहे कुप्रसिद्ध. शब्द लक्षात ठेवायला व्युत्पत्ती उत्तम, अंदाजाला बेभरवशाची.

लेखनाचा नियम एकच. आधी मजकूर साध्यातल्या साध्या शब्दांत लिहायचा. मग जिथे साधा शब्द आशयाला खरोखर अपुरा पडतो तिथेच बदलायचा, आणि नवा शब्द किमान तीन वेगळ्या वाक्यांत वाचलेला असेल तरच.

परिणाम

वाचन आधी सुधारले, आणि बऱ्यापैकी लवकर. ओळखीच्या शब्दाचा अर्थ बसत नसेल तर तिथेच थांबायचे ही सवय लागली आणि परिच्छेद पुन्हा वाचण्याची गरज कमी झाली.

लेखन मात्र आधी उतरल्यासारखे वाटले. वाक्ये आखूड झाली, भारदस्त शब्द गेले, आणि आपण मागे गेलो असे त्यांना वाटू लागले. हा टप्पा नाजूक असतो. याच ठिकाणी बरेच जण पुन्हा यादीकडे वळतात. त्यांना धीर मिळाला तो परीक्षकांच्या शेऱ्यांतून: पुढच्या निबंधावर आशयाबद्दल प्रश्न आले, भाषेबद्दल एकही नाही. त्यानंतर हळूहळू मधल्या थरातले शब्द लेखनात आपसूक येऊ लागले. एका मसुद्यात त्यांनी लिहिले होते, की या धोरणाचे यश एका गोष्टीवर 'हिंज' करते. हा शब्द त्यांनी कोणत्याही यादीतून घेतला नव्हता आणि लिहिताना तो वापरल्याचे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. मला त्या एका शब्दाचा फार आनंद झाला.

बोलण्यात अजून अडचण आहे, आणि तिचे मूळ वेगळे आहे. हे शब्द त्यांनी डोळ्यांनी शिकले, कानांनी नाही. 'इपिटमी'ला त्या 'एपिटोम' म्हणत, 'हायपर्बली'ला 'हायपरबोल', आणि 'अराय' हा शब्द वर्षानुवर्षे मनात 'ऑरी' असा वाचला जात होता. 'इंडाइट' कानावर पडला तेव्हा वाचनातला 'इंडिक्ट' तोच, हे जुळायला वेळ लागला. देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याचा उपयोग होतो. आघात, म्हणजे उच्चारताना येणारा जोर, शब्दाच्या कोणत्या भागावर आहे ते मात्र वेगळी खूण करून दाखवावे लागते. आता प्रत्येक कार्डाला ध्वनिमुद्रित उच्चार जोडला आहे, आणि कार्ड पुढच्या कप्प्यात जाण्याआधी ते वाक्य मोठ्याने म्हणायचे असे ठरले आहे. जुन्या तीन हजारांपैकी जे शब्द इतक्या वाचनात एकदाही भेटले नाहीत, त्यांची कार्डे आम्ही केलीच नाहीत.